जुलैत दांडेली की आंबोली: आगाऊ पैसे भरण्यापूर्वी

निपाणीहून आई, पत्नी आणि आठ वर्षांचा मुलगा यांना घेऊन जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात दोन रात्रींसाठी दांडेलीला जावे की आंबोलीला, असे आपण विचारले आहे. आईंचे गुडघे दुखतात, आणि दांडेलीच्या एका बुकिंगवाल्याने ‘जंगल सफारी व राफ्टिंगसह’ असे सांगून निम्मी रक्कम आगाऊ मागितली आहे, असेही आपण लिहिले आहे. हे वाचून उत्तर दिल्यावाचून राहवले नाही, कारण जवळजवळ याच शब्दांत आणि याच महिन्यासाठी आमच्याकडूनही पैसे घेतले गेले होते. मी खानापूर तालुक्यातला आहे; पर्यटनाच्या धंद्याशी माझा काही संबंध नाही, आणि वनखात्याचे नियम दर हंगामात बदलतात, त्यामुळे पुढचे सर्व स्वतः फोन करून ताडून पाहावे. छत्री, रेनकोट, औषधे यांविषयी लिहीत नाही. ते आपणास ठाऊक असेलच.

जुलैत राफ्टिंगच्या भरवशावर दांडेलीला जाऊ नये, हे माझे स्पष्ट मत आहे. काळी नदीवरचे राफ्टिंग गणेशगुडीजवळ चालते आणि ते सर्वस्वी सुपा धरणाच्या वीजगृहातून सुटणाऱ्या पाण्यावर अवलंबून असते. त्याचा खरा हंगाम पाऊस ओसरल्यावर सुरू होतो आणि उन्हाळ्यापर्यंत चालतो. भर पावसात नदीच्या भरवशावर कोणी माणसे पाण्यात उतरवत नाही आणि उतरवूही नयेत. सफारीचेही तसेच. जंगलातल्या कच्च्या वाटा चिखलात रुततात, गाड्या आत जात नाहीत. काळी व्याघ्र प्रकल्प (२०१५ पर्यंत त्याचे नाव अंशी-दांडेली होते) हे जंगल मोठे देखणे आहे, पण त्याचे देखणेपण नोव्हेंबर ते फेब्रुवारीत अनुभवावे. तेव्हा दांडेली गावाच्या आसपाससुद्धा सकाळी धनेश पक्षी दिसतात आणि पाहण्यासाठी आईंना एक पायरीही चढावी लागणार नाही.

आता आमच्या बाबतीत काय झाले ते सांगतो. ज्या कार्यालयातून आमचे बुकिंग झाले त्याचे नाव मी येथे लिहिणार नाही आणि कृपया कोणी विचारूही नये. पैसे भरण्यापूर्वी मी फोनवर सरळ विचारले होते की पावसात सफारी आणि नदीवरचे उपक्रम चालू असतात का. पलीकडच्या गृहस्थांनी ‘सगळं चालू आहे, तुम्ही या’ असे सांगितले. आम्ही पोहोचलो तेव्हा फाटकावर कन्नडमध्ये एक सूचना लावलेली होती. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून चारही कोपऱ्यांना खिळे ठोकले होते, आत पाणी शिरून शाई पसरली होती, पण बंदी कोणत्या तारखेपासून आहे ते स्पष्ट वाचता येत होते. ती तारीख आमच्या पावतीवरच्या तारखेच्या कितीतरी आधीची होती. म्हणजे आमचे पैसे घेतले गेले तेव्हा हा कागद त्या फाटकावर आधीच भिजत होता.

त्यानंतर जे सुरू झाले त्याला आमच्याकडे खेटे घालणे म्हणतात. बुकिंग कार्यालय म्हणाले की सफारी दुसऱ्या विभागाकडे आहे, आम्ही फक्त खोली देतो. दुसऱ्या विभागाने पावती उलटी करून तिच्या पाठीवरचा बारीक इंग्रजी मजकूर दाखवला. सर्व उपक्रम हवामानावर अवलंबून राहतील, असे त्यात लिहिले होते. मग परताव्यासाठी ठरावीक नमुन्यात कन्नडमधून अर्ज करा, असे सांगण्यात आले. कन्नडमध्ये अर्ज करण्यास माझी काहीच हरकत नव्हती, आमच्या घरात सर्वांना कन्नड लिहिता येते. पण पैसे घेताना हा नमुना कोणालाच आठवला नव्हता याचा राग आला. अर्ज दिला तर मूळ पावती जोडा म्हणाले, आणि मूळ पावती तर खोली देताना त्यांच्याच माणसाने काढून घेतली होती. पैसे परत आले नाहीत. रजा गेली ती वेगळीच; भात लावणीच्या दिवसांत घर सोडून निघणे म्हणजे काय, हे शेती करणाऱ्याला सांगायला नको.

म्हणून ठिकाण निवडताना प्रथम महिना पाहावा आणि मग त्या ठिकाणचे फाटक कोणाच्या हातात आहे ते पाहावे, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. बुकिंग घेणाऱ्याच्या हातात फक्त खोलीची किल्ली असते. वाट उघडी आहे की बंद, हे त्या भागाच्या वनक्षेत्रपालाच्या (आरएफओ) ऑफिसला आणि नाक्यावरच्या रखवालदाराला ठाऊक असते, आणि तो रखवालदार फोनवर बहुधा खरे सांगतो, कारण खोटे बोलून त्याला काही मिळायचे नसते.

आपल्या कुटुंबासाठी, आपल्या महिन्यासाठी मी आंबोली सुचवीन. निपाणीहून बेळगावला येण्याचीही गरज नाही. संकेश्वरहून गडहिंग्लज, आजरा करीत थेट रस्ता जातो. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंचीवर, सह्याद्रीच्या अगदी काठावर आहे. अरबी समुद्रावरून आलेले ढग येथे कड्याला अडून वर चढतात आणि तिथेच रिते होतात, म्हणून तेथे वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि आपल्या बेळगाव जिल्ह्याच्या पूर्वेला अथणीकडे शेतकरी त्याच महिन्यात आभाळाकडे बघत बसलेला असतो. मुख्य धबधबा घाटरस्त्याला लागूनच असल्याने आई गाडीत बसून तो पाहू शकतील. त्याच्या पायऱ्या मात्र शेवाळलेल्या असतात, तेथे त्यांना नेऊ नये. शनिवार-रविवार टाळता आला तर अवश्य टाळावा. त्या दोन दिवशी घाटात धबधब्यापेक्षा गाड्याच अधिक दिसतात आणि स्पीकरवरच्या गाण्यांत पाण्याचा आवाज बुडून जातो.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो: जुलैत आंबोलीत दृश्य दिसेल, अशी अपेक्षा ठेवू नका. कावळेसाद या दरीकाठच्या जागी कठड्याशी उभे राहिले की बहुतेक वेळा समोर पांढरे धुकेच असते. वारा जोराचा असेल तर दरीत पडणारे पाणी उलटे वर उडून तोंडावर येते, तेवढे खरे. जुलैतली आंबोली लांबवर पाहण्याची नसते, ती जमिनीलगत पाहायची असते. आपल्या मुलाला तेथील एखाद्या जाणकार माणसाबरोबर संध्याकाळनंतर तासभर बॅटरी घेऊन फिरवा. मलबार ग्लायडिंग फ्रॉग हा हिरवा बेडूक डबक्यावर झुकलेल्या फांदीच्या पानांना पांढऱ्या फेसाचे घरटे चिकटवतो. अंडी त्या फेसात असतात आणि पिल्ले सुटी होऊन थेट खालच्या पाण्यात पडतात. आंबोली टोड हा केवळ याच परिसरात सापडणारा बेडूक २००९ साली शास्त्रीय नोंदीत आला, तो जांभ्या दगडाच्या सड्यावर, म्हणजे उघड्या सपाट कातळावर, राहतो. हिरण्यकेशी नदीच्या उगमाजवळच्या कुंडात सापडलेल्या एका लहानशा माशामुळे ती जागा महाराष्ट्र सरकारने २०२१ साली जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. तेथे पाण्यात पाय घालू नका, मुलालाही घालू देऊ नका. हीच हिरण्यकेशी पुढे आपल्या संकेश्वरावरून वाहत घटप्रभेला मिळते, म्हणजे गोकाकच्या ५२ मीटर उंच धबधब्यावरून पडणाऱ्या तांबूस पाण्यात आंबोलीचाही वाटा असतो. परतीच्या दिवशी वेळ आणि हौस उरली तर तोही पाहता येईल.

आमच्या खानापूरकडे यावे का, असे आपण विचारलेले नाही, पण कोणीतरी सुचवीलच, म्हणून लिहितो. भीमगड अभयारण्य (२०११ मध्ये घोषित, सुमारे १९० चौरस किलोमीटर), कणकुंबीचा मलप्रभेचा उगम, चोर्ला घाट, हे सारे मला आंबोलीहून अधिक प्रिय आहे. तरीही जुलैत लहान मूल आणि गुडघेदुखी घेऊन इकडे मुक्कामाला येऊ नका. जंगलातल्या धबधब्यांच्या वाटा वनखाते पावसात बंद करते, आणि ती बंदी चुकवून आत नेणारी मुले गावोगाव भेटतात. त्यांच्या नादी लागू नये. दूधसागरबाबतही हेच लागू. कॅसलरॉक किंवा कुळेहून रुळावरून चालत जाण्यास रेल्वेने मनाई केली आहे आणि दंडही होतो. ३१० मीटरचा तो धबधबा आईंना दाखवायचाच असेल तर लोंढा स्टेशनहून दिवसाउजेडी घाट उतरणाऱ्या गाडीचे तिकीट काढावे आणि खिडकीशी बसावे. माझ्या मते गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी सह्याद्री पाहण्याची याहून चांगली सोय नाही, पण या मताशी माझ्या घरातलेच लोक सहमत नाहीत.

जळवांचा बाऊ करू नये, पण आई रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत असतील तर त्यांना ओल्या गवतात उतरवू नका. जळू चावताना रक्त गोठू न देणारे द्रव्य सोडते, त्यामुळे ती सुटल्यावरही रक्त बराच वेळ वाहते. जळू ओढून काढू नये, मीठ किंवा साबणाचे पाणी लावावे, म्हणजे ती आपणहून सुटते. रोख रक्कम जवळ ठेवा. घाटात रेंज गेली की फोनवरून पैसे देण्याचा सारा बेत फसतो. मुलासाठी कपड्यांचा एक जोड जास्त घ्या, कारण तेथे दोन दिवसांत काहीही वाळत नाही, रुमालसुद्धा.

त्या बुकिंगवाल्याला अजून पैसे दिले नसतील तर देऊ नका. एवढ्यावरही दांडेलीच हवी असेल, तर ‘अमुक तारखेला सफारी व राफ्टिंग चालू राहील, बंद असल्यास पूर्ण रक्कम परत मिळेल’ असे त्याच्याकडून व्हॉट्सॲपवर लिहून मागा. फोनवरचा शब्द पुढे कामाला येत नाही. तो लिहून देण्यास टाळाटाळ करू लागला तर आपल्याला उत्तर मिळालेच. आणि पैसे आधीच गेले असतील, तर पावतीच्या दोन्ही बाजूंचे फोटो आजच काढून ठेवा आणि खोली घेताना मूळ पावती हातची सोडू नका, झेरॉक्स द्या.