रिपोर्टमध्ये नसलेली ओळ

अ‍ॅस्पर्गर, म्हणजे बोलणं आणि बुद्धी शाबूत असलेला ऑटिझमचा एक प्रकार, असलेल्या मुलांच्या, माणसांच्या घरून येणारी पत्रं बहुतेक अडचणींनी भरलेली असतात. लिहिणारी माणसं दमलेली असतात, त्यामुळे त्यात गैर काही नाही. या वेळच्या पाच पत्रांत मात्र कुठे उघड, कुठे आडून एकच विचारणा होती: यांच्यात चांगलं काय आहे, ते कुणी सांगेल का? म्हणून आज तेवढंच.

प्रश्न : मुलगा नऊ वर्षांचा आहे. तपासणीचा रिपोर्ट सहा पानी आला. ‘नजरेला नजर देत नाही’, ‘एकाच विषयावर बोलतो’, ‘बदल सहन होत नाही’. बरी म्हणावी अशी एक ओळ नाही. दिवसभर फक्त रेल्वे. हे वेड सोडवायचं कसं? – एक आई, कल्याण

सोडवू नका. रिपोर्ट अडचणी शोधण्यासाठीच लिहिलेला असतो, म्हणून त्यात अडचणीच सापडतात. तुमचा मुलगा त्या सहा पानांत मावत नाही.

माझ्याकडे येणारा असाच एक मुलगा पहिले दोन महिने माझ्याशी बोललाच नाही. एकदा मी सहज म्हटलं, पुण्याला जाताना गाडी कर्जतला का थांबवतात कोण जाणे. मान खालीच ठेवून तो सांगायला लागला. पुढे भोर घाट आहे, चढ सदतिसास एक, पुढच्या इंजिनाला एकट्याने झेपत नाही, म्हणून मागून बँकर इंजिनं लावतात. ‘सदतिसास एक म्हणजे रे?’ असं विचारलं, तर माझी पेन्सिल घेऊन त्याने रूळ काढले. सदतीस मीटर पुढे गेलं की गाडी एक मीटर वर चढते. याच मुलाच्या प्रगतिपुस्तकात ‘गुणोत्तर समजत नाही’ असा शेरा होता! पुढचं सगळं गणित आम्ही घाटातच केलं.

बहुतेकांचं लक्ष पाटाच्या पाण्यासारखं चार सऱ्यांत वाटलं जातं. या मुलांचं लक्ष एकाच सरीत वाहतं आणि खोलवर मुरतं. ऑटिझमच्या अभ्यासक डायना मरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये हीच कल्पना मांडली. म्हणजे ‘एकाच विषयावर बोलतो’ हा दोष आणि ‘एखादी गोष्ट मुळापासून समजून घेतो’ हा गुण वेगवेगळे नाहीत. एक काढून दुसरा ठेवता येत नाही. जेवण, झोप मागे पडत असेल तर वेळ जरूर ठरवून द्या. शिक्षा म्हणून मात्र रेल्वे काढून घेऊ नका. त्याच्या दिवसातली सगळ्यात सुरक्षित जागा तीच असते.

प्रश्न : सहावीतली एक विद्यार्थिनी भर वर्गात ‘मॅडम, तुम्ही काल वेगळं सांगितलं होतं’ म्हणते. वर्ग हसतो. हा उद्धटपणा नाही का? – एक शिक्षिका, नाशिक

नाही. उद्धट मुलाला तुमचा अपमान करायचा असतो. हिला फक्त कालची आणि आजची गोष्ट जुळवायची आहे. या मुलींना तोंडदेखलं बोलणं जमत नाही आणि दुसऱ्याच्या तोंडदेखल्या बोलण्याला त्या सहजी भुलतही नाहीत. लंडनमध्ये झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पैशांचा एकच पर्याय कधी ‘इतके राहतील’, तर कधी ‘इतके जातील’ असा मांडला होता. ऑटिझम असलेल्यांचे निर्णय शब्द बदलल्यामुळे इतरांपेक्षा कमी बदलले. तिला एकटीला बाजूला घेऊन सांगा, ‘चूक दिसली की चिठ्ठीवर लिहून दे, मी वाचेन.’ आणि खरंच वाचा. सहामाहीची प्रश्नपत्रिका छापायला जाण्याआधी तिच्या हाती देता आली असती, तर तुमचा बराच त्रास वाचला असता.

प्रश्न : नवऱ्याला छत्तिसाव्या वर्षी अ‍ॅस्पर्गरचं निदान झालं. माझे बाबा गेले तेव्हा मी रडत होते आणि हा त्यांच्या पासबुकांची, पॉलिसींची यादी करत बसला. याला भावनाच नाहीत का? नंतर आईला एकाही कागदासाठी हेलपाटा पडला नाही, हे मात्र खरं. – एक वाचक, सांगली

तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. त्या रात्री घरातलं प्रत्येकजण आपापल्या परीने रडत होतं. त्याचं रडणं त्या यादीत होतं.

या माणसांना दुसऱ्याचं मन कळत नाही, असं वर्षानुवर्षं शिकवलं गेलं. मीही तेच शिकले आणि काही वर्षं आई-वडिलांना तेच सांगत राहिले, याचं आज वाईट वाटतं. २०१२ मध्ये डेमियन मिल्टन या स्वतः ऑटिस्टिक असलेल्या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने म्हटलं की न कळणं दोन्हीकडून असतं. त्याला तुमचं मन वाचता येत नाही, तसं तुम्हालाही त्याचं येत नाही. संशोधक कॅथरीन क्रॉम्प्टन यांच्या २०२० च्या अभ्यासात कानगोष्टींसारखा खेळ घेतला होता. एकाने दुसऱ्याला गोष्ट सांगायची, दुसऱ्याने तिसऱ्याला. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळीत गोष्ट इतरांच्या साखळीइतकीच नीट पोचली. दोन्ही प्रकारची माणसं मिसळली तेव्हा गोष्ट जास्त गळाली. अडचण सांध्यात होती.

म्हणून त्याने ओळखावं याची वाट पाहू नका. ‘आत्ता मला उपाय नको, नुसता शेजारी बस,’ असं सरळ सांगा. तो बसेल. आणि एकदा सांगितलेलं बहुधा विसरणार नाही. तुम्हीही त्याच्या याद्या वाचायला शिका. औषधाच्या डबीवर चिकटवलेल्या वेळा, गाडीत आधीच भरून ठेवलेली हवा, हे त्याचं बोलणं आहे. हेच प्रेम पुरे मानून घ्या, असं मी म्हणत नाही. शब्दांची भूक तुम्हाला आहे आणि ते शब्द मागायचा तुम्हाला हक्क आहे.

प्रश्न : अशा मुलांत एखादी अलौकिक बुद्धी असतेच म्हणतात. माझ्या मुलीत अजून काही दिसलं नाही. कुठे शोधू? – एक वडील, लातूर

शोधू नका. कॅलेंडर तोंडपाठ असलेली किंवा एकदा ऐकून वाजवणारी मुलं थोडी असतात. तुमची मुलगी जे हसून करते ते बघा, तेवढं पुरेसं आहे.

हे मी आग्रहाने का सांगते? ज्यांच्या नावाने हे निदान ओळखलं गेलं त्या व्हिएन्नाच्या हान्स अ‍ॅस्पर्गर यांनी १९४४ च्या लेखात काही मुलांच्या बुद्धीचं मनापासून कौतुक केलं होतं. पण इतिहासकार हेरविग चेक यांनी २०१८ मध्ये कागदपत्रांवरून दाखवून दिलं की याच डॉक्टरांनी काही मुलांना ‘आम श्पीगेलग्रुंड’ या संस्थेत धाडायची शिफारस केली होती. नाझी राजवटीत तिथे अपंग मुलांना मारलं जात होतं. कामाची मुलं आणि बिनकामाची मुलं, अशी वाटणी तिथवर जाऊ शकते. मी गुणांबद्दल लिहिते ते तुम्हाला मुलीची ओळख पटावी म्हणून. तिने कशानेही स्वतःची किंमत सिद्ध करायची गरज नाही.

प्रश्न : मी २४ वर्षांचा इंजिनिअर आहे. आधी अ‍ॅस्पर्गर म्हणाले, नव्या कागदावर ‘ऑटिझम स्पेक्ट्रम’ लिहिलंय. सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधण्यात माझा हात कुणी धरत नाही, पण मुलाखतीत गप्प होतो. सांगू का त्यांना? – पुणे

शब्दाचं आधी. मानसिक निदानांच्या अमेरिकन वर्गीकरणाने २०१३ मध्ये अ‍ॅस्पर्गर हे वेगळं निदान काढून ऑटिझम स्पेक्ट्रममध्ये घातलं. तुम्ही तेच आहात, कागद बदलला. स्वतःसाठी कुठला शब्द वापरायचा ते तुम्ही ठरवा.

सांगायचं की नाही, हे कंपनी बघून ठरवा. २०१३ मध्ये एसएपी या जर्मन कंपनीने ऑटिझम असलेल्यांना मुद्दाम कामावर घ्यायचं ठरवलं. त्याची एक सुरुवात बेंगळुरूत, सॉफ्टवेअर तपासण्याच्या कामातच झाली होती. सरकारी नोकरीत २०१६ च्या कायद्याप्रमाणे दिव्यांगांसाठी किमान ४ टक्के जागा आहेत. त्यातला १ टक्का ज्या गटासाठी आहे, त्यात ऑटिझम येतो. त्यासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं.

बाकी ठिकाणी स्वतःबद्दल बोलण्याऐवजी काम पुढे ठेवा. स्वतः ऑटिस्टिक असलेल्या अमेरिकेच्या टेंपल ग्रँडिन यांनी गुरांसाठीच्या गोठ्या-वाटांची कामं अशीच मिळवली. बोलण्यात पडत्या बाजूच्या, पण पिशवीतून नकाशे काढून टेबलावर पसरायच्या. तुम्ही शोधलेल्या दहा चुका घ्या. कुठे सापडली, कशी सापडली, सुटली असती तर काय झालं असतं, एवढं प्रत्येकीखाली लिहा. आणि मुलाखतीआधी ईमेलवर विचारा, ‘प्रश्न लेखी मिळतील का?’ नाही म्हणाले तर लॅपटॉप उघडून पहिली चूक दाखवायला सुरुवात करा.