घोडी मागच्या पायाला नाल मारू देत नाही, पाडून मारावी का?

तुम्ही लिहिलंय की घोडी माळेगावच्या यात्रेतून आणलीय, वरातीला जाते, पुढचे पाय देते पण मागचा धरला की लाथ झाडते. नालबंद म्हणतो, पाडल्याशिवाय जमणार नाही. पाडू नका.

आपल्याकडं नालबंदाच्या हाताखालून जास्त करून बैल जातात. बैलाला दोरानं पाडायचं, पाय बांधायचे आणि दुभंगलेल्या खुराला पत्र्या ठोकायच्या, हा त्यांचा हातचा मळ. घोड्याचं काम मात्र उभ्यानंच होतं. खूर तासल्यावर पाय जमिनीला टेकवून तो सरळ पडतोय का, हे समोरून आणि बाजूनं बघावं लागतं. आडव्या घोडीत ते कसं दिसणार? शिवाय धडपडीत तिची कंबर, मांडी, डोळा, कशालाही इजा होऊ शकते, आणि पुढच्या वेळी नालबंद दुरून दिसला तरी ती उधळेल.

पुढचे पाय देते, मागचे देत नाही, यावरून मला आधी दुखण्याचीच शंका येते. वरातीत डांबरी रस्त्यावर नाचवलेल्या घोडीच्या सांध्यांवर फार ताण पडतो. मागचा पाय उंच उचलून बाहेरच्या बाजूला ओढला की तो ताण कंबरेपर्यंत जातो आणि ती पाय हिसकावते. पाय पोटाखालच्या रेषेतच, जमेल तितका खाली धरायला सांगा आणि मधूनमधून टेकवू द्या. तेवढ्यानं फरक पडला नाही तर आधी डॉक्टरांना दाखवा. परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. गुंगीचं इंजेक्शन लागलंच तर तेही डॉक्टरांनीच द्यायचं, आणि गुंगीतली घोडीसुद्धा अचानक लाथ मारू शकते हे विसरायचं नाही.

घोडी कोण धरतं, यावर निम्मं काम अवलंबून असतं. तिच्या ओळखीचा माणूस हवा आणि तो नालबंद ज्या बाजूला बसलाय त्याच बाजूला, मानेजवळ उभा हवा. ती बिथरली तर त्यानं तिचं तोंड आपल्याकडं वळवायचं, म्हणजे मागचा भाग नालबंदापासून लांब जातो. धरायचं मोरकीला, म्हणजे तोंडाभोवती बांधलेल्या दोरीला, लगामाला नाही. लगाम ओढला की तोंड दुखतं आणि ती आणखी घाबरते. बांधायचीच असेल तर ओढताच सुटेल अशी गाठ मारा. ठीक मागं काय आहे ते घोडीला दिसत नाही, म्हणून तिथं पोरंसोरं, बघे कुणीच नको.

खिळा खुरातून बाहेर आला की त्याचं टोक लगेच मोडून टाकायला हवं. टोक तसंच राहिलं आणि घोडीनं पाय झटकला तर नालबंदाची मांडी फाटते. उन्हाळ्यात काम सकाळी लवकर, सावलीत उरका. खूर दगडासारखं कडक झालं असेल तर आदल्या दिवशी ओलं पोतं गुंडाळून ठेवा, तासायला जोर कमी लागतो. पावसाळ्यात माश्यांमुळंही घोडी पाय आपटते, एकाला कडुलिंबाचा डहाळा घेऊन उभं करा.

तुम्ही म्हणता तो पोरगा तिचा कान पिळतो, ते आजच बंद करा. कान पिळलेली घोडी नंतर डोक्याला हात लावू देत नाही, मग लगाम घालणंही अवघड होतं. मारझोड तर नकोच, 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं तो गुन्हाही आहे.

नालबंद सहा-आठ आठवड्यांनी येणार, तोवर सवय तुम्हीच लावायची. रोज खरारा करताना कमरेवरून हात फिरवत खाली न्या, क्षणभर पाय उचला, आणि तिनं हिसकावायच्या आत तुम्हीच खाली ठेवा. थोडं थोडं वाढवत, टापेवर हलकं ठोकायचीही सवय लावा.

नाल मारल्यावर दोन-तीन दिवस लक्ष ठेवा. घोडी लंगडली किंवा एकच खूर गरम लागलं तर खिळा जिवंत भागात गेला असण्याची शक्यता असते. तो नालबंदाकडून लगेच काढून घ्या आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो. यात्रेतून आणलेल्या घोडीला त्याची लस दिलेली आहे का, हे विकणाऱ्याला विचारा. नक्की कळत नसेल तर नाल मारायच्या आधीच डॉक्टरांकडून टोचून घ्या.