पाच लिटर रक्त धुवायला चार तास?

तुमचे मामा डायलिसिसवर आहेत, म्हणजे किडन्यांचं रक्त गाळायचं काम मशीन करतं, आणि ते म्हणतात की एवढं रक्त तर काही मिनिटांतच धुऊन व्हायला हवं. त्यांचा हिशेब अर्धा बरोबर आहे. अंगात रक्त साधारण 5 लिटर, मशीन मिनिटाला 300 मिली ओढतं, म्हणजे सतरा मिनिटांत सगळं रक्त एकदा फिल्टरमधून जातं. मग चार तास खिळवून का ठेवतात? डायलिसिस युनिटमध्ये काम करताना हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय!

गोम अशी, की कचरा नुसता रक्तात साठलेला नसतो. प्रथिनं मोडल्यावर यकृतात युरिया बनतो आणि तो अंगातल्या सगळ्या पाण्यात पसरतो, पेशींच्या आतसुद्धा. साठ किलोच्या माणसात हे पाणी 35 लिटरच्या आसपास. रक्त हे गोदाम नव्हे, टेम्पो आहे. फिल्टरमधून रिकामा होऊन टेम्पो परत गेला की केशवाहिन्यांच्या भिंतीतून युरिया पुन्हा त्यात उतरतो. चार तासांत अशा चौदा खेपा होतात. तरी सुया काढल्यावर लगेच तपासलेला युरिया तासाभराने थोडा चढलेला दिसतो. मागे राहिलेला माल बाहेर येत असतो.

अंगातला सगळाच कचरा किडनीवाटे जात नाही. कार्बन डायऑक्साइडचं काम झटपट. तो बहुतेक बायकार्बोनेट होऊन येतो आणि फुफ्फुसाच्या केशवाहिनीत रक्त जेमतेम सेकंदभर असतं, तेवढ्यात उतरतो. बिलिरुबिन, म्हणजे जुन्या लाल पेशी मोडून बनणारं पिवळं द्रव्य, अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनाला धरून यकृतात जातं, तिथून पित्तावाटे आतड्यात.

शाळेतल्या 'शुद्ध-अशुद्ध रक्ता'ने मात्र घोळ घातलाय. चित्रात किडनीतून निघणारी नीला निळी, म्हणजे अशुद्ध. पण युरियापुरतं बोलायचं तर निरोगी माणसात तेच सगळ्यात स्वच्छ रक्त! दोन्ही किडन्यांना मिनिटाला लिटरभर रक्त मिळतं, तेही चोवीस तास. आपलं मशीन आठवड्याला जेमतेम बारा तास.

नातेवाईक मशीनची ड्रेनची (वापरलेला द्रव बाहेर सोडणारी) नळी बघून हिरमुसतात, 'घाण तर दिसतच नाही.' दिसणार नाहीच. फिल्टरमध्ये रक्तातला कचरा ओढून घेणारा वेगळा द्रव असतो, तो चार तासांत सव्वाशे लिटरच्या आसपास वाहतो, युरिया त्यात पूर्ण विरघळलेला असतो आणि त्याला रंग नसतो.

मामा अर्धा तास आधी सुया काढा म्हणतात, तेव्हा ऐकू नका. युरिया निदान लवकर येतो. फॉस्फरस महाचेंगट, हाडांतून आणि पेशींतून सावकाश निघतो. त्यांचे रिपोर्ट बघितलेत तर तोच वाढलेला असणार, असा माझा अंदाज.