वाचकांचे प्रश्न : प्रीअँप्लिफायरऐवजी पॅसिव्ह व्हॉल्यूम कंट्रोल

प्रश्न : माझ्याकडे सीडी प्लेअर आणि एका ओळखीच्या तंत्रज्ञाने बांधून दिलेला पॉवर अँप्लिफायर आहे, त्याला आवाज कमी-जास्त करण्याची सोयच नाही. वेगळा प्रीअँप्लिफायर (पॉवर अँप्लिफायरच्या आधी सिग्नल वाढवणारे व आवाज नियंत्रित करणारे उपकरण) परवडणार नाही, म्हणून दोन हजार रुपयांच्या आत पॅसिव्ह, म्हणजे विजेशिवाय चालणारे, व्हॉल्यूम कंट्रोल बसवावे असा विचार आहे. दुकानदार 100 किलोओहमचे घ्या म्हणतात. प्लेअर आणि अँप्लिफायर यांच्यात सुमारे 6 मीटर अंतर आहे. पहाटे घरची मंडळी झोपेत असताना मी अगदी हळू आवाजात गाणे ऐकतो.
— एक वाचक, खानापूर तालुका, जि. बेळगाव

उत्तर : आपला विचार योग्य आहे. सीडी प्लेअरमधून साधारण 2 व्होल्टचा सिग्नल मिळतो आणि बहुतेक पॉवर अँप्लिफायर 1 व्होल्टच्या आसपासच्या सिग्नलवर पूर्ण ताकदीने चालतात. म्हणजे येथे सिग्नल वाढवायचा नसून कमी करायचा आहे आणि तेवढ्यासाठी महागडा प्रीअँप्लिफायर घेण्याची गरज नाही. मात्र दुकानदारांचा 100 किलोओहमचा सल्ला आपण मानू नये, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

याचे कारण असे की, पोटेन्शिओमीटर (थोडक्यात ‘पॉट’, म्हणजे आवाजाच्या बटणाखालचा बदलता रोधक) मधल्या एका स्थितीत असताना त्याचा स्वतःचा आउटपुट इम्पिडन्स (पुढे जाणाऱ्या सिग्नलला होणारा अंतर्गत अडथळा) पॉटच्या एकूण रोधाच्या एक चतुर्थांशापर्यंत चढतो. 100 किलोओहमच्या पॉटचा तो 25 किलोओहम होतो. शील्डेड केबलची कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) दर मीटरला सुमारे 100 पिकोफॅरड धरली, तर 6 मीटरला 600 पिकोफॅरड होतात आणि या दोहोंच्या संयोगाने साधारण साडेदहा हजार हर्ट्झपाशीच आवाज 3 डेसिबलने खाली येतो. झांजेची लकाकी आणि तंबोऱ्याची जवारी नेमकी तेथे मंदावते. 10 किलोओहमच्या पॉटचा आउटपुट इम्पिडन्स अडीच किलोओहमच्या वर जात नाही, त्यामुळे तीच केबल असूनही ही घट ऐकू येणाऱ्या पट्ट्याच्या पलीकडे, एक लाख हर्ट्झच्या आसपास जाते. तरीही पॉटची पेटी प्लेअरजवळ न ठेवता अँप्लिफायरला लागून ठेवावी. प्लेअरचा आउटपुट इम्पिडन्स सहसा एक किलोओहमच्या आतच असल्यामुळे लांब केबलचा भार तो सहज पेलतो; पॉटनंतरची केबल मात्र एक मीटरहून लांब असू नये.

खरेदीपूर्वी तंत्रज्ञाला अँप्लिफायरचा इनपुट इम्पिडन्स (आत येणाऱ्या सिग्नलला तो देत असलेला रोध) विचारून घ्यावा. तो 47 किलोओहम किंवा अधिक असेल, तर 10 किलोओहमचा पॉट निश्चिंतपणे चालेल. तो 10 किलोओहम एवढाच असेल, तर आवाज येईल, परंतु बटण फिरवताना तो ज्या प्रमाणात वाढायला हवा ते प्रमाण बिघडेल. पुढेमागे व्हॉल्व्हचे एखादे उपकरण जोडणार असाल तर हिशेब बदलतो, कारण त्याच्या आउटपुटला 0.47 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असल्यास 10 किलोओहमच्या भारावर 34 हर्ट्झच्या खालचा खर्ज उतरू लागतो. तेथे 50 किलोओहमचा पॉट आणि आखूड केबल बरी.

आता आपल्या पहाटेच्या ऐकण्याविषयी, कारण स्वस्त पॉटची खरी परीक्षा तेथेच होते. स्टिरिओसाठी एकाच दांड्यावर दोन पॉट असतात आणि बटण अगदी खाली असताना ते दोन्ही सारखे चालत नाहीत. आपल्याच जिल्ह्यातील सुळेभावी येथे जन्मलेल्या कुमार गंधर्वांचे गाणे लावले असता त्यांचा आवाज दोन स्पीकरांच्या बरोबर मध्ये उभा राहायला हवा, तो एका बाजूला सरकतो. म्हणून दुकानात मल्टिमीटर घेऊनच जावे. बटण किमान स्थितीपासून थोडेसे वर फिरवून दोन्ही पॉटांच्या मधल्या टोकापासून ग्राउंडच्या टोकापर्यंतचा रोध मोजावा. दोन आकड्यांत 12 टक्क्यांपर्यंत फरक असेल, तर तो सुमारे 1 डेसिबलचा फरक झाला आणि तो चालण्यासारखा आहे. 40 टक्के असेल, तर दुसरा नग मागावा. पॉट लॉगरिदमिक (लॉग) असावा, म्हणजे बटण फिरवताना त्याचा रोध आधी हळू आणि नंतर झपाट्याने वाढावा. हल्लीच्या आशियाई बनावटीच्या पॉटवर त्यासाठी इंग्रजी ‘ए’ हे अक्षर असते, तर ‘बी’ म्हणजे लिनिअर, सारख्या गतीने वाढणारा. खात्रीसाठी बटण मध्यावर आणून मोजावे : लॉग पॉटमध्ये तेथे एकूण रोधाच्या दहा-पंधरा टक्केच आढळतात. आल्प्स कंपनीच्या निळ्या पॉटची ख्याती रास्त आहे, पण त्याच्या नकला सर्वत्र विकल्या जातात, तेव्हा नावापेक्षा मल्टिमीटरवर विश्वास ठेवावा.

बटण जरा हलवताच आवाज मोठा होत असेल, तर प्रत्येक चॅनेलमध्ये पॉटच्या आधी 22 किलोओहमचा रोधक घालावा. त्यामुळे एकूण आवाज सुमारे 10 डेसिबलने उतरतो आणि बटण वरच्या, अधिक समतोल भागात वापरता येते. हा काही रुपयांचा उपाय महागड्या पॉटइतका उपयोगी ठरतो, असे माझे स्पष्ट मत आहे. थोडे अधिक पैसे घालता आले, तर 24 पायऱ्यांचा, एक टक्का अचूकतेच्या रोधकांचा स्विच दोन्ही चॅनेल सर्वांत सारखे ठेवतो.

पेटी धातूची असावी. झाकणाचा स्टीलचा डबाही चालतो, फक्त तो सिग्नलच्या ग्राउंडला एकाच ठिकाणी जोडावा. पॉटच्या ग्राउंडच्या टोकाचे सोल्डरिंग विशेष काळजीने करावे, कारण ती तार सुटली तर बटण खाली असूनही पूर्ण सिग्नल अँप्लिफायरमध्ये जातो आणि स्पीकर जळू शकतात. खानापूरकडच्या पावसाळ्यात केबलच्या टोकांच्या आरसीए प्लगवर गंज धरतो, तेव्हा पावसाळ्यापूर्वी व नंतर ते आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावेत. सुटे भाग बेळगावात न मिळाल्यास पुण्याची तपकीर गल्ली किंवा बेंगळुरूचा एस. पी. रोड येथे चौकशी करावी.

प्रश्न : अशाच पेटीतून रेकॉर्ड प्लेअर थेट पॉवर अँप्लिफायरला जोडता येईल का?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : नाही. मॅग्नेटिक कार्ट्रिजचा (सुई बसवलेल्या भागाचा) सिग्नल अवघा 5 मिलिव्होल्टच्या आसपास असतो आणि त्याला आरआयएए दुरुस्तीही (रेकॉर्ड बनवताना कमी केलेला खर्ज आणि वाढवलेले उंच स्वर पूर्ववत करणे) लागते, म्हणून मध्ये फोनो प्रीअँप्लिफायर हवाच. त्याच्यानंतर ही पेटी लावता येईल. जुन्या सिरॅमिक कार्ट्रिजचा सिग्नल पुरेसा मोठा असतो, परंतु त्याला सुमारे 1 मेगाओहमचा भार लागतो आणि 10 किलोओहमच्या पॉटवर त्याचा खर्ज जवळजवळ नाहीसा होतो. आपल्या प्लेअरमध्ये कोणते कार्ट्रिज आहे हे आधी पाहावे आणि मगच खरेदीला निघावे.