‘इत्ते इरु’ : जायलाय की गेलाय?

लातूरच्या एका ताईंचा प्रश्न आला आहे. त्या सुट्टीच्या दिवशी शाळकरी मुलांना जपानी शिकवतात आणि त्यांच्यासाठी छोटा जपानी-मराठी कोश करत आहेत. क्रियापदापुढं ‘ते इरु’ येऊन जे रूप होतं, त्याखाली त्यांनी टीप लिहिली : ‘चालू वर्तमानकाळ. क्रिया सुरू असल्याचे दाखवते. उदा. ताबेते इरु – खात आहे.’ ती वाचून एका मुलानं वाक्य केलं, ‘चिचि वा पुने नि इत्ते इमासु.’ (‘इमासु’ हे ‘इरु’चंच अदबीचं रूप.) त्याला म्हणायचं होतं, बाबा पुण्याला जायलेत, म्हणजे आत्ता वाटेत आहेत. जपानी माणसाला मात्र त्यातून कळेल की बाबा पुण्याला गेलेत आणि आत्ता तिथंच आहेत. ताई विचारतात, चूक नेमकी कुठं आहे आणि टीप कशी लिहू?

ताई, मुलाची चूक नाही. टिपेनं जे सांगितलं तेच त्यानं इमानदारीनं केलं. टीपही खोटी नाही, अर्धी आहे. जपानीच्या बहुतेक इंग्रजी पुस्तकांत हे रूप आधी ‘चालू काळ’ म्हणून भेटतं, आणि आपण तेच मराठीत उतरवून घेतो. मीही असंच शिकलो. पुढं एकदा फर्दापूरला अजिंठ्याच्या बसथांब्यावर एका जपानी पाहुण्या बाईंना ‘बासु गा किते इमासु’ असं सांगितलं. मला म्हणायचं होतं, बस यायलीय. त्या लगेच पिशवी उचलून इकडंतिकडं बघायला लागल्या, कारण मी त्यांना ‘बस आलेली आहे’ असं सांगितलं होतं. त्या जागी साधं ‘बासु गा किमासु’ हवं होतं.

आता मूळ जोडणीच बघा. ‘ते’ हे बऱ्याच अंशी आपलं ‘-ऊन’, आणि ‘इरु’ म्हणजे सजीवाचं असणं. म्हणजे ‘सुवात्ते इरु’ शब्दशः ‘बसून आहे’. आपण म्हणतोच की, पोरगं कवाचं दारात बसून आहे. तो सगळ्यावर नजर ठेवून आहे. मग ‘इत्ते इरु’ म्हणजे ‘जाऊन आहे’. जाणं उरकलंय, माणूस त्या जाण्याच्या परिणामात आहे. घरातून निघताना जपानी माणूस ‘इत्ते किमासु’ म्हणतो. तेही आपलं ‘जाऊन येतो’च, एका शब्दाचाही फरक नाही. इतकं जवळचं नातं असताना मुलांना इंग्रजीच्या पुलावरून कशाला न्यायचं?

हिंगोली-माहूरकडं, विदर्भाच्या शिवेला, ‘जेवून राहिलाय’ असं ऐकू येतं. ‘-ऊन’ आणि ‘राहणे’ मिळून तिथं क्रिया चालू असल्याचा अर्थ होतो. जपानीनं त्याच घडणीच्या रूपातून दोन्ही अर्थ काढले. क्रियापद लांबत चालणारं असेल, जसं खाणं, वाचणं, पळणं, तर ‘ते इरु’ म्हणजे चालू क्रिया. क्रियापद एका क्षणात घडून अवस्था पालटणारं असेल, जसं जाणं, येणं, मरणं, पडणं, लग्न होणं, तर ‘ते इरु’ म्हणजे पालटानंतरची अवस्था. जपानी भाषाशास्त्रज्ञ किन्दाइची हारुहिको यांनी 1950 मध्ये जपानी क्रियापदांचे जे चार वर्ग पाडले, ते याच ‘ते इरु’च्या कसोटीवर. त्यातला चौथा वर्ग मला फार आवडतो. त्यातली क्रियापदं अशा वर्णनात जवळजवळ नेहमी ‘ते इरु’ घेऊनच येतात. ‘सोबिएरु’ त्यातलंच. देवगिरीचा डोंगर दुरून कसा दिसतो हे सांगायचं तर ‘सोबिएते इरु’, म्हणजे उंच उभा आहे. तो डोंगर कधी ‘उंच व्हायला’ लागला नव्हता.

पण हे वर्ग मुलांच्या टिपेत घालू नका. ‘क्षणिक क्रियापद’, ‘सातत्यवाचक’ असले शब्द वाचून सातवीतलं पोर पान उलटतं. त्याच्या तोंडात कसोटी आधीच आहे, आणि ती मराठवाड्याच्या बोलीत जास्त स्वच्छ आहे. पुस्तकी ‘जात आहे’ थोडं धूसर असतं. आपलं ‘-यलाय’ आणि ‘-लाय’ (तुमच्या लातूरकडं ‘जाऊ लालाय’ आणि ‘गेलाय’) यांत मात्र कुणाचाच गोंधळ होत नाही. ‘पाऊस पडायलाय’ आणि ‘पाकीट पडलंय’ ही दोन वाक्यं पोराला द्या. पहिलं ‘आमे गा फुत्ते इरु’, दुसरं ‘साइफु गा ओचिते इरु’. जपानीत दोन्हीकडं शेवट एकच, अर्थ ठरतो तो आधीच्या क्रियापदावरून. आपल्याकडं क्रियापद एकच आणि शेवट दोन. हा आरसा एकदा दिसला की पोर विसरत नाही.

मग तिथून पुढं खजिनाच उघडतो. भूक लागलीय, ‘ओनाका गा सुइते इरु’. दमलाय, ‘त्सुकारेते इरु’. झोपलाय, ‘नेते इरु’. लई वाळलाय, ‘यासेते इरु’. घसा कोरडा पडलाय, ‘नोदो गा कावाइते इरु’, आणि तिथं ‘नोदो’ म्हणजे खरोखरच घसा. इंग्रजीतून शिकणाऱ्याला यातली बरीच वाक्यं अपवाद म्हणून पाठ करावी लागतात. मराठी पोराला ती घरचीच आहेत. म्हणून तुमच्या कोशात ‘ते इरु’चं पहिलं उदाहरण ‘खात आहे’ नको, ‘बसलाय’ घ्या.

हा फरक किती महत्त्वाचा ठरू शकतो, त्याचं एक उदाहरण देतो. 2012-13 च्या दुष्काळात जालना भागातल्या मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत गेल्या. समजा तेव्हा एखाद्या शेतकऱ्याला जपानी पाहुण्याला सांगायचं असतं की झाडं वाळायलीत, पाणी मिळालं तर वाचतील. त्यासाठी दुभाष्यानं ‘की गा कारेते इमासु’ म्हटलं असतं तर पाहुण्याला कळलं असतं, झाडं वाळून गेलीत. मग टँकर कशाला आणि खर्च तरी कशाला? तिथं ‘कारेकाकेते इमासु’ हवं, म्हणजे वाळायच्या वाटेवर आहेत. ‘वाळायलीय’ आणि ‘वाळलीय’ यांच्यामध्ये बाग उभी असते. टीप लिहिताना मी नेहमी असं वाक्य शोधतो, जिथं चुकीचा अर्थ घेतला तर कुणाचं तरी खरंच काही जातं. तेच उदाहरण ध्यानात राहतं.

दुसरी गोष्ट. ‘असं म्हणू नका’ एवढ्यावर टीप थांबली तर ती अपुरी. मग काय म्हणायचं, तेही तिथंच हवं. बाबा पुण्याच्या वाटेवर असतील तर ‘पुने नि मुकात्ते इमासु’, पुण्याकडं निघालेत. आणि ‘मी उद्या पुण्याला जायलोय’ यात आपण चालू रूप बेताबद्दल वापरतो, तिथं जपानीत ‘ते इरु’ मुळीच नाही, साधं ‘आशिता इकिमासु’. ही दुसरी घसरण अगदी आपल्या बोलीची आहे. परभाषेतून उचललेल्या टिपेत ती कुठून येणार?

उलट बाजूही आहे. ‘मी परभणीला राहतो’ म्हणताना आपण साधं रूप वापरतो, जपानीत मात्र ‘सुन्दे इमासु’ लागतं (इथं ‘ते’चं ‘दे’ होतं). ‘सुमिमासु’ म्हटलं तर ‘राहणार आहे’ असं होतं. ‘माहीत आहे’ला ‘शित्ते इमासु’, पण ‘माहीत नाही’ला ‘शिरिमासेन’. तिथं ‘शित्ते इमासेन’ म्हणत नाहीत. हे त्या त्या शब्दाखाली एका ओळीत पुरेल. सगळं ‘ते इरु’च्या माथी मारू नका.

शिकणाऱ्यांसाठीचा कोश या कल्पनेचं जपानशी जुनं नातं आहे, हेही ताईंना सांगावंसं वाटतं. हॉर्नबी हे इंग्रज शिक्षक आणि त्यांचे दोन सहकारी जपानात इंग्रजी शिकवत होते. जपानी विद्यार्थी नेमके कुठं अडतात ते बघत त्यांनी केलेला इंग्रजी कोश 1942 मध्ये तोक्योत छापला गेला. तोच 1948 मध्ये ऑक्सफर्डनं काढला आणि पुढं जगभर गेला. तुम्ही वर्गातल्या एका चुकलेल्या वाक्यावरून टीप दुरुस्त करायला बसलात, हीच त्या कामाची रीत आहे. ते वाक्य खोडून टाकू नका, कोशात घ्या.

माझ्या हातून टीप अशी झाली असती : ‘ते इरु (बोलताना तेरु). क्रिया झाल्यावरची स्थिती किंवा चालू असलेली क्रिया. सुवात्ते इरु – बसलाय. शित्ते इरु – माहीत आहे. ताबेते इरु – जेवायलाय. जाणे, येणे, मरणे, वाळणे यांच्यापुढे अर्थ बहुधा “-लाय” असा घ्यावा, “-यलाय” असा नाही. पुने नि इत्ते इरु – पुण्याला गेलाय (तिथे आहे). वाटेत असेल तर : मुकात्ते इरु. उद्याच्या बेतासाठी हे रूप वापरत नाहीत.’ लहान अक्षरात सात-आठ ओळी होतील. ‘जेवायलाय’ छापायला संकोच वाटत असेल तर कंसात ‘जेवत आहे’ द्या, पण बोलीतलं रूप काढू नका. अर्थ तेच धरून ठेवतं.

एक राहिलंच. देवनागरीत ‘किते इरु’ दोन होतात : ‘कुरु’पासूनचं ‘आलाय’ आणि ‘किरु’पासूनचं ‘अंगात घातलंय’. जपानी लिपीत चिन्हं वेगळी आहेत आणि उच्चारही वेगळा. ‘आलाय’मध्ये ‘कि’वर सूर चढा असतो आणि लगेच उतरतो, ‘घातलंय’मध्ये तो उतरत नाही. दोन्हींच्या नोंदी वेगळ्या ठेवा आणि एकीतून दुसरीकडं ‘पाहा’ द्या. ‘किरु’खाली हेही लिहा की विजार आणि बूट यांना ‘हाकु’, टोपीला ‘काबुरु’. सदरा घालणं, साडी नेसणं, शाल पांघरणं असं वेगवेगळं बोलणाऱ्या मुलांना त्याचं नवल वाटणार नाही.