1943 च्या फोर्ड जीपचे वायरिंग: जुन्या वायरी काढून सरळ 12 व्होल्ट करावे का?

तुमच्या प्रश्नाचा सारांश असा की, आजोबांनी लष्कराच्या लिलावातून घेतलेली 1943 ची फोर्ड जीपीडब्ल्यू अनेक वर्षे शेडमध्ये उभी आहे, वायरींवरचे रबर हात लावताच गळते, आणि गॅरेजमधील वायरमनने सगळे कापून 12 व्होल्टचे नवे वायरिंग करून देण्याची तयारी दाखवली आहे. माझ्या मते वायरी बदलाव्याच लागतील, त्यात तडजोड नको; परंतु गाडी 6 व्होल्टवरच ठेवावी आणि जुन्या वायरींचा नकाशा काढून होईपर्यंत कटर हातात घेऊ देऊ नये. तुमच्या फोर्डची जुळी बहीण असलेल्या विलीस एमबीवर मी हे काम स्वतः केले आहे, त्या अनुभवावरून लिहितो.

आधी वायरी का बदलायच्या ते सांगतो, कारण सुती वेष्टन वरून शाबूत दिसते आणि मोह होतो. त्या काळच्या वायरीत तांब्यावर नैसर्गिक रबराचा थर, त्यावर विणलेले सुती वेष्टन आणि त्यावर लाखेसारखा लेप असे. उष्णता व हवेने रबर कडक होऊन तडकते. माझ्या गाडीतील हेडलाइटच्या वायरीचे वेष्टन मी ब्लेडने उभे चिरले, तेव्हा आतून रबर तपकिरीसारखे भुरभुर खाली पडले आणि तांबे काळे पडलेले निघाले. असे तांबे सोल्डर धरत नाही. शिवाय या जीपची पेट्रोलची टाकी चालकाच्या आसनाखाली असते आणि फ्युएल गेजची वायर थेट तिथे पोचते. तुटक्या रबराची वायर अशा जागी क्षणभरही ठेवू नये. आजच बॅटरी जोडलेली असेल तर ती काढा.

आता नकाशा. तुमच्या गाडीतला जुना हार्नेस, म्हणजे एकत्र बांधलेल्या सगळ्या वायरींचा जुडगा, हा कोणत्याही छापील आकृतीपेक्षा मोलाचा कागद आहे, कारण कोणती फांदी किती लांबीवर फुटते आणि कोणत्या छिद्रातून कशी वळते हे फक्त त्यालाच ठाऊक आहे. प्रत्येक टोकाला चिठ्ठी बांधा, छायाचित्रे घ्या, आणि हार्नेस अखंड उतरवून प्लायवूडच्या तक्त्यावर पसरा. जिथे फांदी फुटते तिथे दोन्ही बाजूंना खिळे ठोका आणि वायरीचा मार्ग पेन्सिलने रेखा. नवा हार्नेस याच खिळ्यांमधून बांधायचा आहे. रंग ओळखू येत नसतील तर जिथे पत्र्याची क्लिप बसली होती, तिथे पाहा. धूळ आणि ऊन न पोचल्यामुळे त्या बोटभर जागेत वेष्टनातील रंगीत धागा जवळजवळ नव्यासारखा सापडतो. माझ्या गाडीत एका क्लिपखाली पिवळा धागा इतका ताजा निघाला की मी बराच वेळ ती वायर हातात धरून बसलो होतो.

व्होल्टच्या प्रश्नावर लोक घाईने मत देतात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. महायुद्धातील जीप 6 व्होल्टची आहे आणि ऋण टोक बॉडीला आहे. 6 व्होल्टला नावे ठेवणाऱ्यांपैकी बहुतेकांनी बारीक वायरीचे 6 व्होल्ट पाहिलेले असते. तेवढीच शक्ती निम्म्या व्होल्टेजवर न्यायची म्हणजे प्रवाह दुप्पट होतो, आणि वायरीत होणारी व्होल्टची गळती प्रवाहाबरोबर वाढते. दोन्ही हेडलाइट मिळून सुमारे 15 अँपिअर घेतात. हा प्रवाह 1 चौरस मिलिमीटरच्या तीन मीटर वायरीतून नेला तर वाटेतच सुमारे 0.8 व्होल्ट हरवतात. 12 व्होल्टच्या गाडीत एवढी गळती निभावून जाते, इथे मात्र ती एकूण दाबाच्या 13 टक्के आहे. आणि बल्बचा प्रकाश व्होल्टेजपेक्षा कितीतरी वेगाने घटत असल्यामुळे दिवा सुमारे एक तृतीयांशाने मंद होतो. तीच वायर 3 चौरस मिलिमीटरची घेतली तर गळती पाव व्होल्टच्या आसपास येते. म्हणून दिव्यांच्या मुख्य वायरीला किमान 3, डायनामोपासून कटआउट (डायनामोचे चार्जिंग सांभाळणारी डबी) व अँमीटरपर्यंतच्या वायरीला 5 ते 6 चौरस मिलिमीटर, असा हिशेब ठेवा. वायर वाहनांसाठीची, बारीक तारांची, लवचिक घ्यावी. घरगुती वायरिंगची वायर कंपनाने तुटते.

सेल्फची केबल हा तर वेगळाच विषय आहे, आणि इथे मी स्वतः फसलो. एका वर्कशॉपने माझ्या जीपला साध्या कारची, सुमारे 16 चौरस मिलिमीटरची बॅटरी केबल बसवून दिली. पायाने सेल्फचे बटण दाबले की सेल्फ कण्हत फिरे. आम्ही सेल्फ दोनदा उघडला, ब्रश बदलले, बॅटरीवर संशय घेतला. शेवटी एकदा सेल्फ मारल्यावर केबलवर हात ठेवला, तर ती चांगलीच गरम लागली. 250 अँपिअरला त्या दोन मीटर केबलमध्येच अर्ध्या व्होल्टहून अधिक जात होते, आणि तेवढेच पुन्हा अर्थिंगच्या बाजूला. 70 चौरस मिलिमीटरची केबल बसवल्यापासून गाडी थंडीतही सहज उठते. वेल्डिंगच्या सामानाच्या दुकानात अशी लवचिक तांब्याची केबल मिळते. केबलच्या टोकाचे लग मात्र योग्य डायच्या प्रेसवर दाबून घ्या, हातोडीने ठोकून नव्हे.

12 व्होल्ट करायचे म्हटले तर बल्ब, कॉइल, डायनामो, कटआउट आणि गेज या सर्वांनाच हात लावावा लागतो. 6 व्होल्टचा सेल्फ 12 व्होल्टवर फिरतो हे खरे, पण त्याचे पिनियन फ्लायव्हीलच्या दात्यांवर जोराने आदळते आणि दाते झिजतात. तुमच्या गाडीत हे सगळे मूळ भाग शिल्लक आहेत असे तुम्ही लिहिले आहे. ते शिल्लक असताना काढून टाकणे मला मनापासून खटकते. युद्धानंतर इथे राहिलेल्या कितीतरी जीपमधून हे भाग असेच नाहीसे झाले आहेत. 2021 मध्ये 50 वर्षांहून जुन्या वाहनांसाठी आलेल्या व्हिंटेज नोंदणीतही गाडी मूळ रूपात जपलेली असावी अशीच अपेक्षा आहे.

अर्थिंगकडे सर्वांत जास्त लक्ष द्या. गाडी नव्याने रंगवल्यावर दिवे न लागण्याचे कारण बहुधा नवा रंग हेच असते, कारण परतीचा प्रवाह पत्र्यातून जातो आणि रंग त्याला अडवतो. दिव्याच्या घराखाली, कटआउटच्या पायाखाली, इंजिन ते चासी आणि चासी ते बॉडी या प्रत्येक ठिकाणी नाण्याएवढी जागा उघडी करून दातेरी वॉशर घाला. बॉनेटच्या पत्र्यावर लष्करी नंबरानंतर एस हे अक्षर आढळले तर ती गाडी वायरलेससाठी स्पार्कचा अडथळा दाबलेली आहे. तिच्यावर जागोजागी कथिलाचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या विणलेल्या पट्ट्या असतात. त्या निरुपयोगी समजून फेकल्या जातात. त्या परत बसवाव्यात, कारण त्यांच्यामुळे अर्थिंगही पक्के होते.

दिव्यांचा स्विच खोलण्यापूर्वी तो कसा चालतो ते समजून घ्या. पहिल्या ओढीला फक्त ब्लॅकआउटचे, म्हणजे शत्रूला दुरून दिसू नयेत असे झाकलेले मंद दिवे लागतात. बाजूचे कुलपाचे बटण दाबल्याशिवाय स्विच पुढे येतच नाही, जेणेकरून रात्री ताफ्यात चुकून हेडलाइट लागू नयेत. त्यामुळे मागचे दोन दिवेही सारखे नाहीत: नेहमीचा मागचा दिवा व ब्रेकचा दिवा डावीकडे, तर उजवीकडे ब्लॅकआउटचा ब्रेक दिवा. वायरमन सवयीने दोन्ही बाजू सारख्या जोडतो आणि मग स्विच बिघडला असे म्हणतो. इंडिकेटर मूळ गाडीत नाहीतच. ते हवे असल्यास त्यांच्या वायरी व फ्यूज संपूर्ण वेगळे ठेवा, म्हणजे पुढे ते उतरवता येतील.

दिसण्यासाठी सुती वेष्टनाचा, आतून पीव्हीसी असलेला तयार हार्नेस परदेशातून मागवता येतो. तो महाग पडतो. मी वाहनांची वायर घेऊन वरून मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातील कॉटन टेप गुंडाळली आणि तिला वार्निशचा पातळ हात दिला. फूटभर अंतरावरून फरक कळत नाही. पत्र्यातील प्रत्येक छिद्रात रबरी ग्रोमेट नवा घाला. मूळ रचनेत संरक्षण तुटपुंजे आहे, त्यामुळे आसनाजवळ हाताला येईल असा बॅटरी तोडण्याचा स्विच आणि बॅटरीजवळ एक फ्यूज मी सुचवीन. सेल्फची केबल त्या फ्यूजमधून नेऊ नका. मूळ रूपाशी मी केलेली एवढी एकच तडजोड आहे आणि तिचा मला खेद नाही.

सर्व जोडून झाल्यावर बॅटरी थेट लावू नका. धन टोक आणि केबल यांच्यामध्ये 6 व्होल्टचा एक बल्ब घाला. सगळे स्विच बंद असताना तो पेटला तर कुठेतरी शॉर्ट आहे. हे निस्तरल्यावर बॅटरी जोडा, हेडलाइट लावा आणि मल्टिमीटरने बॅटरीच्या धन टोकापासून दिव्याच्या टोकापर्यंतची गळती मोजा. ती 0.3 व्होल्टच्या आत, आणि दिव्याच्या घरापासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत 0.1 च्या आत असावी.

शेवटी एक पायरी हमखास विसरली जाते. इंजिन प्रथम सुरू करण्यापूर्वी डायनामोला ध्रुव द्यावा लागतो, म्हणजे त्याची धन-ऋण दिशा बॅटरीशी जुळवावी लागते, नाहीतर तो उलटा चार्ज करून कटआउटचे संपर्क जाळू शकतो. मूळ ऑटो-लाइट डायनामो असेल तर कटआउटवरील बॅटरीचे आणि आर्मेचरचे टोक वायरीच्या तुकड्याने क्षणभरच जोडायचे; ठिणगी दिसली की झाले. फील्डच्या टोकाला त्या तुकड्याचा स्पर्श होऊ देऊ नका. सगळ्याच डायनामोंची ही रीत एकसारखी नसते, म्हणून तुमच्या डायनामोवरील पट्टीचे आणि कटआउटच्या टोकांचे छायाचित्र इथे टाका. ते पाहून मी कोणती दोन टोके ते नक्की सांगेन, तोवर हे काम थांबवा.