घरचा ब्रेड दुसऱ्याच दिवशी कडक होतो, मग विकतचा आठवडाभर मऊ कसा राहतो?

तुम्ही एका दमात तीन गोष्टी विचारल्या आहेत: घरचा ब्रेड लगेच कडक का होतो, विकतच्यात असं काय घालतात, आणि फ्रिजमध्ये ठेवूनसुद्धा घरचा का टिकत नाही. तिसऱ्यापासून सुरुवात करते, कारण खरी गोम तिथे आहे. फ्रिजमुळेच तो जास्त लवकर कडक होतो.

ब्रेड शिळा होतो म्हणजे तो वाळतो, असं आपण धरून चालतो. झाँ-बाप्तिस्त बूसँगो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८५२ मध्येच हा समज खोडून काढला होता. त्याने ब्रेड हवाबंद ठेवला, आतलं पाणी बाहेर जायला वावच ठेवला नाही, तरी तो शिळा झाला. पुढे तोच ब्रेड साधारण ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापवल्यावर पुन्हा मऊ पडला. पाणी होतं तेवढंच होतं, तर मग बदललं काय?

बदलतो तो पिठातला स्टार्च. ओव्हनमध्ये त्याचे कण पाणी शोषून फुगतात आणि त्यांची मूळची घट्ट रचना मोडते, म्हणून ताजा ब्रेड लुसलुशीत लागतो. ब्रेड निवायला लागला की हे रेणू परत एकमेकांना धरून रांगेत बसू लागतात. स्टार्चमधला अमायलोज नावाचा भाग पहिल्या काही तासांतच बसतो. गरमागरम ब्रेडवर सुरी चालवली की आतून गोळा होतो आणि निवलेल्याचे स्लाइस सुबक पडतात, ते यामुळेच. दुसरा भाग, अमायलोपेक्टिन, सावकाश बसत राहतो आणि दिवसागणिक ब्रेड कडक करतो. या बसण्याला सर्वांत पोषक तापमान म्हणजे शून्याच्या थोडं वर, म्हणजे नेमकं फ्रिजचं. ब्रेड पूर्ण गोठला की मात्र हे सगळं जवळजवळ थांबतं.

फ्रिजमधून काढलेला स्लाइस दुमडून बघा. मधोमध तडकतो आणि दाताखाली पिठूळ लागतो. आता तोच तव्यावर नुसता शेका. आतून मऊ होतो, आणि आपण वरून पाण्याचा थेंबही दिलेला नसतो. बूसँगोचा प्रयोग तो हाच.

वरच्या खरपूस कवचाचं गणित थोडं वेगळं आहे. आतला ओलावा हळूहळू बाहेरच्या कोरड्या भागाकडे सरकतो, त्यामुळे दुसऱ्या दिवशी कवच चिवट आणि आतला भाग कडक अशी उलटापालट झालेली दिसते.

हा झाला एक शत्रू. दुसरा बुरशी, आणि त्याचा पहिल्याशी काही संबंध नाही. पिठात असलेले बुरशीचे बीजाणू भाजताना मरतात. नंतर जे येतात ते हवेतून, हातावरून, सुरीवरून, कापायच्या पाटावरून. त्यांना लागतो ओलावा, आणि तो आपणच पुरवतो, ब्रेड कोमट असतानाच पिशवीत घालून. फ्रिज बुरशीला आवरतो, पण कडकपणाला पळवतो. म्हणून ब्रेड फक्त टोस्ट करूनच खाणार असाल तर फ्रिजला माझी हरकत नाही, शेकल्यावर तो कडकपणा बराचसा जातोच. तसाच मऊ खायचा असेल तर फ्रिज नको.

आता विकतचा. लोकांना वाटतं, त्यात ‘प्रिझर्व्हेटिव्ह’ असतं म्हणून तो मऊ राहतो. पाकिटावर २८२ हा आकडा दिसला तर ते कॅल्शियम प्रोपिओनेट. ते बुरशी रोखतं, मऊपणाशी त्याचं देणंघेणं नाही. मऊपणा येतो दुसरीकडून. ४७१ म्हणजे फॅटी ॲसिडचे मोनो आणि डायग्लिसराइड, ४८१ म्हणजे सोडियम स्टिअरॉइल लॅक्टिलेट. ही इमल्सिफायर मंडळी, म्हणजे तेल-पाणी एकत्र धरणारे पदार्थ, स्टार्चच्या रेणूंमध्ये अडकून बसतात आणि त्यांना एकमेकांना धरू देत नाहीत. याहून कामाची असतात ती एन्झाइम्स, म्हणजे रासायनिक क्रियांना वेग देणारी प्रथिनं. अमायलेजचे काही प्रकार अमायलोपेक्टिनच्या फांद्यांची टोकं छाटतात, मग त्या रांगेत बसायला पुरेशा लांब उरतच नाहीत. गंमत अशी की काही देशांत एन्झाइम हा घटक न धरता प्रक्रियेतला साहाय्यक पदार्थ धरला जातो, त्यामुळे पाकिटावर त्याचं नावसुद्धा नसतं. शिवाय साखर आणि स्निग्ध पदार्थ असतात ते वेगळेच.

माझं मत विचाराल तर यातल्या रसायनांच्या नावाने जितका गजहब होतो तितकी भीती बाळगायचं कारण नाही. वरचं कॅल्शियम प्रोपिओनेट ज्या प्रोपिओनिक ॲसिडपासून बनतं, ते एमेंटाल या स्विस चीजमध्ये आपसूक तयार होतं. माझी तक्रार चवीची आहे. कारखान्यात पीठ मुरायला वेळच मिळत नाही. १९६१ मध्ये इंग्लंडमधल्या चॉर्लीवुड इथे विकसित झालेल्या पद्धतीत कणीक यंत्रावर जोरात घुसळून काही मिनिटांत तयार करतात, आणि तासन्‌तास फुगत ठेवण्याचा टप्पा गळतो. चव मुरण्याच्या त्या वेळातच येते. शिवाय ताजेपणा जोखायची आपली सवयही या ब्रेडने बिघडवली आहे. पाकीट दाबून बघायचं, दबलं आणि परत वर आलं की ताजं! सहा दिवसांपूर्वीचा ब्रेडही तसाच दबतो.

घरच्या ब्रेडकडून आठवडाभराच्या मऊपणाची अपेक्षा मी सोडून दिली आहे. दोन दिवस बाहेर, उरलेला फ्रीझरमध्ये, असा माझा साधा हिशेब आहे.

ओव्हनमधून काढला की ब्रेड साच्यातून लगेच जाळीवर काढा, म्हणजे खालून घाम धरणार नाही. पूर्ण निवायला दोन-तीन तास लागतात. खालच्या बाजूला तळहात लावून पाहा, किंचितही ऊब लागली तरी झाकू नका. मऊ कवचाचा ब्रेड असेल तर पिशवीत किंवा घट्ट झाकणाच्या डब्यात, ओट्यावरच. खरपूस कवचाचा असेल तर पिशवीत त्याचं कवच सादळतं, तो कापलेली बाजू खाली करून पाटावर ठेवलेला बरा, वर कापड.

सगळे स्लाइस आधीच पाडून ठेवू नका. जितकी कापलेली बाजू उघडी, तितका ब्रेड जास्त वाळतो आणि बुरशीला तितकी जास्त जागा मिळते. १९२८ मध्ये अमेरिकेत ओटो रोहवेडरच्या यंत्राने कापलेला ब्रेड विकायला आला, तेव्हाही धास्ती हीच होती. जानेवारी १९४३ मध्ये, युद्धकाळात, तिथल्या सरकारने कापलेल्या ब्रेडवर बंदीच घातली होती. कापलेला ब्रेड ताजा ठेवायला जास्त जाड मेणकागद लागतो, हे त्यामागचं एक कारण सांगितलं गेलं. ओरड इतकी झाली की मार्चमध्ये बंदी उठवावी लागली. तर घरी कापताना टोकापासून सुरुवात करण्याऐवजी ब्रेड मधोमध कापा, हवे तेवढे स्लाइस मधून काढा आणि उरलेले दोन तुकडे तोंडाला तोंड लावून ठेवा. उघडी बाजू राहतच नाही.

फ्रीझरमध्ये टाकायचा तो मात्र त्याच दिवशी, निवल्या निवल्या, आणि तो स्लाइस पाडूनच. फ्रीझर ब्रेडला आहे त्या अवस्थेत थांबवतो, शिळा टाकलात तर शिळाच बाहेर येणार. पिशवीतली हवा दाबून काढा आणि स्लाइस थोडे तिरके-सरके रचा, म्हणजे एकमेकांना चिकटणार नाहीत. उणे १८ अंशांना दोन-तीन महिने चव छान राहते. एकेक स्लाइस थेट टोस्टरमध्ये किंवा तव्यावर टाकायचा, आधी वितळवायची गरज नाही. अख्खा ब्रेड गोठवला असेल तर तो पिशवीतच बंद राहू देऊन वितळवा, आत जमलेलं दव त्यातच परत मुरतं.

कृतीतही थोडी मेख आहे. पाण्याच्या जागी दूध, थोडं लोणी किंवा तेल, थोडी साखर, यांनी एखादा दिवस जास्त मिळतो. त्याहून जास्त फरक पिठाच्या खळीने पडतो: एकूण पिठातलं पाच ते दहा टक्के पीठ त्याच्या पाचपट पाण्यात ढवळत ६५ अंशांपर्यंत शिजवायचं, चमच्याचा माग उमटेल इतकं दाट झालं की उतरवून निववायचं आणि मुख्य पिठात घालून मळायचं. हे शिजलेलं पीठ पाणी धरून ठेवतं. मळताना हाताला चिकटतंय म्हणून वरून पीठ भुरभुरत राहिलात तर मात्र सगळी मेहनत वाया, कोरडी कणीक कोरडाच ब्रेड देते. आणि जास्त भाजू नका. आतलं तापमान ९० ते ९५ अंशांवर गेलं की ब्रेड झाला.

आंबवणाच्या ब्रेडला, म्हणजे साअरडोला, अंगच्या आंबटपणामुळे बुरशी उशिरा धरते.

कडक झालेला अख्खा तुकडा वाचवायचा असेल तर कवचावर ओला हात फिरवा आणि १८० अंशांच्या ओव्हनमध्ये आठ-दहा मिनिटं ठेवा. कमाल वाटावी इतका ताजा होतो, पण लगेच खा. पुन्हा निवल्यावर तो आधीपेक्षा कडक होतो आणि तिसऱ्यांदा हा उपाय चालत नाही, कारण दर वेळी थोडं पाणी खरोखरच उडतं. त्यापुढे ब्रेडक्रम्ब्ज करा.

बुरशी दिसली तर तेवढाच भाग कापून बाकीचा खायचा मोह टाळा. ब्रेड सच्छिद्र असतो, डोळ्यांना हिरवा ठिपका दिसतो तेव्हा धागे आत पसरलेले असतात. नाकाजवळ नेऊन वासही घेऊ नका, बीजाणू श्वासात जातात. आणि उष्ण-दमट हवेत कधी ब्रेड बुरशीशिवायच आतून चिकट झाला, तोडताना तारा सुटल्या आणि अति पिकलेल्या फळासारखा गोड वास आला, तर ते एका जीवाणूचं काम. त्याचे बीजाणू ओव्हनमध्येही टिकतात, कारण ब्रेडच्या मध्यभागी शंभर अंशही गाठले जात नाहीत. तो ब्रेड टाकून द्या, आणि पुढचं पीठ मळण्याआधी परात, साचे आणि ओटा साबणाने धुऊन व्हिनेगरने पुसून घ्या.